सांगतं कोण?

“मोबाईलनं माणसं बिघडली,” असं आपण उठता-बसता म्हणतो. आधी रेडिओला म्हणायचो, मग टी.व्ही.ला. जणू सुई टोचावी तसं ऐकलेलं थेट रक्तात भिनतं! पण मैत्रिणींनो, तसं नसतं.

१९४५ साली अमेरिकेतल्या डिकेटर गावी सुमारे ८०० बायकांना विचारलं होतं : वाणसामान, कपडे, सिनेमा, राजकारण, यांत तुमचं मत बदललं ते कुणामुळे? कॅट्झ आणि लाझार्सफेल्ड यांचं त्यावरचं पुस्तक १९५५ मध्ये आलं. जाहिरातीपेक्षा ओळखीच्या माणसाचा शब्द जड ठरला होता. फॅशनमध्ये तरुण मुलींचं चालायचं, आणि वाणसामानात मोठ्या कुटुंबातल्या गृहिणींचं! (हे सांगायला आपल्याला प्रोफेसर कशाला हवेत? पण असो.)

गेल्या वर्षी आमच्या सासूबाईंनी मधुमेहाच्या गोळ्या एकदम बंद केल्या. कुठल्याशा काढ्याचा व्हिडिओ आला होता. खोदून विचारलं तर कळलं, तो महिन्यापूर्वीचा. पाहून त्यांनी सोडूनही दिला होता. पण देवळात शेजारच्या मावशी म्हणाल्या, “मी घेते हो, गुण आला,” आणि गोळ्या गेल्या डब्यात! ह्यांनी समजावलं, डॉक्टर रागावले. छे!

मग मी मावशींनाच गाठलं, साखर तपासायला घेऊन गेले. ३१२ निघाली. रिपोर्ट घेऊन त्या स्वतःच आमच्याकडे आल्या. दोघी आतल्या खोलीत बराच वेळ बोलत होत्या. रात्री पानं वाढताना सासूबाईंनी गोळी मागितली.