आधी सोडायचं, मग धरायचं

रायगड जिल्ह्यातल्या नागावच्या वाडीत सुपारी उतरवायचं काम चाललं होतं. पायांत दोरीचा फास अडकवून गडी पोफळीच्या शेंड्याला पोचला, त्याने घड कापला, पण खाली उतरलाच नाही. अंगाच्या झोक्याने त्याने झाड हलवलं, ते पुरेसं वाकताच शेजारची पोफळ धरली आणि मगच पहिली सोडली. खाली मुंबईहून आलेले मल्लखांबाचे मास्तर मान वर करून उभे होते. त्यांची नजर त्या हातांवरून हलत नव्हती.

मास्तरांच्या पोरांना नेमकं याच्या उलट करावं लागतं. खांबावर उडी मारताना पकड आधी सुटते, पुढची लागणार की नाही ते हवेत ठरतं. जिम्नॅस्टिक्समध्येही तेच. कुठला खेळ जास्त अवघड, असं पालक विचारतात तेव्हा मास्तर ताकदीबद्दल किंवा दमाबद्दल फारसं बोलत नाहीत. या सुटण्याबद्दल बोलतात.

कबड्डी सोपी आहे असं त्यांना मुळीच वाटत नाही. रायगडात तर ती गावोगाव रंगते. ३० सेकंदांच्या चढाईत समोरच्या सात जणांचे हातपाय एकदम हेरायचे, म्हणजे डोकं नि छाती दोन्ही पणाला. पण बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होतो, आणि बेत फसतोय असं दिसलं तर चढाईपटू मागे फिरतो. फलंदाजालाही चेंडू सोडून द्यायची मुभा असते. व्हॉल्टच्या टेबलावरून हात निघाल्यावर जिम्नॅस्टला ती राहत नाही.

१४ ऑगस्ट २०१६, रिओ ऑलिंपिक. जिम्नॅस्ट दीपा कर्माकर धावत आली, टेबलाला हात लावला आणि पुढच्या दिशेने दोन कोलांट्या घेतल्या. ही प्रोदुनोव्हा. पुढच्या कोलांटीत उतरण्याची जमीन जवळजवळ शेवटपर्यंत डोळ्यांना दिसत नाही, पायांनाच तिचा अंदाज घ्यावा लागतो. दीपा अगदी खोल बसत उतरली, आणि दोन उड्यांची सरासरी झाली १५.०६६. कांस्यपदक गेलं १५.२१६ ला. फरक अवघा ०.१५०, आणि पडल्यावर एक अख्खा गुण जातो! चौथ्या क्रमांकाचं मोल ज्याला कळत नाही, त्याने एकदा तरी गादीवर साधी कोलांटी मारून बघावी.

मल्लखांब आला कुस्तीसाठी. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला पुन्हा उभं केलं, असं परंपरा सांगते. पैलवानाला पकडी घोटायला लाकडाचा जोडीदार मिळाला. मास्तरांच्या मते अवघडपणा इथूनच वाढला. जिवंत जोडीदार कधीतरी चुकतो, त्याच्या चुकीवर डाव साधतो. खांब चुकत नाही.

म्हणून साधी अढीसुद्धा पोराचा घाम काढते. एरंडेल चोळलेल्या खांबाला पायांची मिठी घालून उलटं व्हायचं, हात सोडायचे. मांडीच्या आतली कातडी लाल होते, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं. पण खरी गाठ असते बोटांशी. डोकं खाली गेलं की ती खांब सोडतच नाहीत. मास्तर पाठीखाली तळहात धरून उभे राहतात, आणि एक दिवस तो हळूच काढून घेतात.

गडी उतरला. घोटभर पाणी पिऊन त्याने विचारलं, "मास्तर, काय बघत होतात एवढं?" मास्तरांनी पायजमा वर ओढून गुडघ्यामागचा काळपट घट्टा दाखवला. गड्याने पायातला फास काढला. पावलाच्या वरच्या अंगाला, दोरी बसते तिथे, त्याचाही तसाच.