नांगर

मी उर्दू हायस्कूलात भूगोल शिकवते. मेक्सिकोचा तो लांब, निमुळता द्वीपकल्प आणि त्याला लागून असलेलं कॅलिफोर्नियाचं आखात मी नकाशावर कितीतरी वर्गांना दाखवलं आहे. पण त्या आखातात, एका 34 फुटी शिडाच्या होडीवर, माझा सख्खा भाऊ राहतो हे मुलांना कधी सांगितलं नाही. मनात राग होता.

भाई मर्चंट नेव्हीत इंजिनियर होता. आमच्या रत्नागिरीकडच्या मोहल्ल्यात घरटी एक माणूस जहाजावर, तेव्हा त्याचं कौतुकच होतं. पण नोकरी सोडून त्याने जुनी होडी घेतली आणि ला पाझ बंदरात जाऊन राहिला, तेव्हा अब्बा दुखावले. मे 2020 मध्ये अब्बांचा इंतकाल झाला. विमानं बंद होती, मय्यतीला तो येणं शक्यच नव्हतं. पण विमानं सुरू झाल्यावरही तो आला नाही. अम्मी रोज विचारायची, "कधी येतो म्हणाला?" 2023 च्या मे महिन्याच्या सुट्टीत त्याने मला तिकीट पाठवलं. "जा, त्याला घेऊन ये," अम्मी म्हणाली. मुलांना सासूबाईंकडे ठेवून मी निघाले.

होडीवर मी 22 दिवस राहिले. लोकांना वाटतं, मजेचं जगणं असेल. खरं तर तो संसारच, फक्त जागा कमी आणि कामं जास्त. ला पाझला वर्षाला 200 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणून पाणी मोलाचं. पिण्याच्या पाण्याचे मोठे बाटले छोट्या रबरी होडीतून आणायचे. बाहेर बेटांकडे गेलं की भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची आणि वाटीभर गोड्या पाण्याने विसळायची. मला काहीच जड गेलं नाही. धो धो पावसाच्या कोकणात एप्रिल-मेमध्ये हंड्यांची रांग मी लहानपणापासून पाहिली आहे. भाई हसला, "बाय, तू तर जन्मजात खलाशी!"

विजेचा हिशेब सौरपट्ट्यांवर. शौचालयाचा पंप हाताने मारायचा. शेगडी अशी टांगलेली, की होडी कलली तरी पातेलं सरळ राहतं. सकाळी रेडिओवर सगळ्या होड्यांची बोलाचाल चाले. हवा कशी, भरती कधी, कोण आलं, कोणाला कुठला सुटा भाग हवा. सारा मोहल्लाच जणू. कोळ्यांच्या होडीवरून मासा घ्यायचा. मी तांदळाची भाकरी केली, तर शेजारच्या होडीवरची म्हातारी मक्याची तोर्तिया घेऊन आली. आपली मिरची मूळची याच भागातली, हे मी वर्गात शिकवते. तिथे तिची चव घेतली.

नमाजेची मोठी पंचाईत. घरी आपण पश्चिमेकडे तोंड करतो, तिथे किब्ला ईशान्येला. पण भरती-ओहोटीचा प्रवाह एकीकडे ओढतो, वारा दुसरीकडे, आणि नांगरलेली होडी घुमत राहते. नियत एका दिशेला बांधली की सलाम फेरेपर्यंत दिशा बदललेली! भाई म्हणाला, "होडी वळेल तसं आपण वळायचं, जमेल तितकं."

रात्री नैर्ऋत्येचा वारा सुटे. तिथले लोक त्याला कोरोमुएल म्हणतात. भाई दोनला उठून नांगराची साखळी तपासायचा. सप्टेंबर 2014 मध्ये ओडिल चक्रीवादळात याच उपसागरात बऱ्याच होड्या बुडाल्या होत्या. अशाच एका रात्री मलाही झोप येईना, म्हणून त्याची नोंदवही चाळली. रोज उर्दूत चार ओळी: वारा, हवेचा दाब, बॅटरी, पाणी किती उरलं. आठवड्याहून जास्त तो कुठे थांबत नसे. मे 2020 ची पानं काढली. चाळीस दिवस एकच जागा. वाऱ्याची नोंद नाही, पाण्याची नाही. रोज एकच ओळ, "नांगर उचलला नाही."

तो खाली आला तेव्हा वही माझ्या हातात होती. मी विचारलं, "मग नंतर का नाही आलास?"

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "आलो असतो तर कब्र पाहावी लागली असती. इथे असलो की वाटतं, अब्बा घरी आहेत, अजून माझ्यावर रागावलेले."

तीन वर्षं जपलेला राग मला पुढे धरता आला नाही. "अम्मी आहे ना," एवढंच म्हणाले.

तो माझ्याबरोबर आला नाही. चक्रीवादळांचा मोसम नोव्हेंबरअखेरपर्यंत, होडी सोडता येत नव्हती. डिसेंबरात मात्र आला. कब्रस्तानात एकटाच गेला, मगरीबनंतर परतला. अम्मीने काही विचारलं नाही, ताट वाढलं. महिन्याने तो निघाला तेव्हाही तिने अडवलं नाही. फक्त म्हणाली, "नांगर नीट टाकत जा."

आता ते आखात शिकवताना मी फळ्यावर खडूने एक ठिपका काढते आणि मुलांना सांगते, इथे माझा भाऊ राहतो.