कलकत्त्याला जाताना सोमवार टाळा

चैत्यभूमीला गेलेली मंडळी ६ डिसेंबरनंतर परतली की आमच्या नागपूरच्या वस्तीतील अकरा कुटुंबे कोलकात्यास निघणार आहेत. घरटी दरमहा ५०० रुपये अशी वर्गणी दोन वर्षे गोळा केली. हिशेबाची वही आमच्याकडे आहे. कारकुनाच्या वाट्याला दुसरे काय येणार!

डिसेंबरच का, असे अनेकांनी विचारले. आश्विनात तिकडे दुर्गापूजा असते. त्या दिवसांत शहरात पाय ठेवायला जागा नसते आणि लॉजचे भाव वर चढतात. शिवाय विजयादशमीला आपण दीक्षाभूमी सोडून कोठे जाणार? उन्हाळ्यात घामाने जीव नकोसा होतो, पावसाळ्यात रस्त्यांवर पाणी तुंबते. म्हणून थंडीच बरी.

आमच्यातले बहुतेक रोजंदारीवर आहेत, काही भगिनी घरकाम करतात. अशा घरांना तिकिटापेक्षा बुडालेली मजुरी जास्त भरते. म्हणून वार पाहूनच आखणी केली. रविवारी संध्याकाळी गीतांजली एक्स्प्रेसने निघायचे, ११०० किलोमीटरहून अधिक प्रवास करून सोमवारी दुपारी हावड्यास उतरायचे, गुरुवारी दुपारी परतीची गाडी, शुक्रवारी सकाळी नागपूर. चारच दिवस खाडा होतो. ही गीतांजली १९७७ च्या डिसेंबरात मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना सुरू झाली, तेव्हा तिला पहिला वर्गच नव्हता. आता तिला वातानुकूलित डबेही आहेत. आपण मात्र स्लीपरनेच जाणार.

हावडा स्टेशनाबाहेर पडताच हमाल, टॅक्सीवाले आणि लॉजचे दलाल अंगावर येतात. संघटनेच्या अधिवेशनासाठी आम्ही पूर्वी गेलो होतो तेव्हा याचा अनुभव घेतला आहे. घाबरायचे कारण नाही. मुलांचे हात धरून सरळ समोरच्या घाटावर जावे. तेथून थोड्या पैशांत लाँचने हुगळी ओलांडता येते, आणि १९४३ साली खुला झालेला हावडा पूल नदीतूनच नीट दिसतो. परत येताना मेट्रोने यावे. मार्च २०२४ पासून ती नदीच्या खालून हावड्यापर्यंत येते. मुले आतापासूनच त्याच्या गप्पा मारत आहेत. तिकडे आपली आडनावे ऐकून कोणाला काही कळत नाही, हाही एक विसावाच म्हणायचा.

वाद झाला तो मंगळवारवरून. तो पूर्ण दिवस आम्ही चौरंगीवरील इंडियन म्युझियमसाठी ठेवला आहे. (सोमवारी ते बंद असते.) तरुणांना व्हिक्टोरिया मेमोरियल हवे होते, भगिनींना बाजार. एक आजी तर म्हणाल्या, "भाऊ, दगडं पाहाले एवढ्या दूर कायले जाचं?"

प्रश्न रास्त होता. तेव्हा बैठकीत भारहुतची माहिती सांगितली. मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भारहुत येथे मोठा स्तूप होता. १८७३ साली कनिंगहॅम यांना त्याचे अवशेष दिसले. गावकरी तेथले दगडविटा घरांसाठी नेत होते. उरलेला तांबूस दगडी कठडा आणि एक तोरण पुढे कोलकात्यास हलवले. ते काम दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे. त्यावर बुद्धांची मूर्ती नाही, त्यांच्या जागी बोधिवृक्ष, धम्मचक्र, पाऊलखुणा कोरलेल्या आहेत. जेतवनाच्या खरेदीचे चित्र मुलांना जरूर दाखवावे. अनाथपिंडिकाची नाणी आणणारी बैलगाडी सोडलेली आहे, बैल बसले आहेत आणि माणसे जमिनीवर नाणी मांडत आहेत.

पण आमचा मुद्दा वेगळा होता. त्या खांबांवर आणि आडव्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. त्यांत नाशिकची गोरक्षिता आहे, वासुकाची पत्नी. करहाटक, म्हणजे आपले कराड, त्या गावाचे दान आहे. आणि भोजकटची एक भिक्खुणी आहे, दिङ्नागा. भोजकट म्हणजे अमरावतीकडचा मुलूख, असे अभ्यासक मानतात. विदर्भातल्या एका बाईचे नाव दोन हजार वर्षे त्या दगडावर आहे.

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी विचारले, "वर्गणीच्या वहीत कोनाचं नाव हाये?" वहीत सगळी नावे घरधन्यांची होती, कारण पावती त्यांच्याच नावाने मागितली जात असे. पैसे मात्र निम्म्याहून अधिक घरांत बाईच्या पगारातून येत. त्या रात्री अकराही खाती दोघांच्या नावाने लिहिली. दोन बंधू थोडे रुसले, पण सही करून गेले.

बुधवारी कॉलेज स्क्वेअर येथील महाबोधी सोसायटीचा धर्मराजिक विहार, शेजारच्या कॉलेज स्ट्रीटवर पुस्तकांची दुकाने, मग व्हिक्टोरिया. वेळ उरला तर विधानसभेची इमारत बाहेरून पाहू. १९४६ साली बाबासाहेब संविधान सभेवर निवडून गेले ते बंगालच्या विधिमंडळातून, आणि त्यासाठी जोगेंद्रनाथ मंडल झटले. हे नाव आपल्या मुलांना ठाऊक असले पाहिजे.

आरक्षण ६० दिवस आधी सकाळी आठला उघडते. प्रत्येकाने आधार कार्डाची झेरॉक्स आणि वयाचा आकडा आमच्याकडे द्यावा, वृद्धांना खालचे बर्थ मागायचे आहेत. तिकडे मोहरीच्या तेलाचा स्वयंपाक असतो, ज्यांना तो सोसत नाही त्यांनी चटणी आणि दशम्या बांधून घ्याव्यात.