शर्यत मोडली तलमडुगूला

पांढरकवड्याहून दक्षिणेला सायकल काढली की पैनगंगेपर्यंत फारसा विचार करावा लागत नाही. राष्ट्रीय महामार्ग 44 समोर पसरलेला असतो. जुन्या माणसांच्या तोंडी तो अजून ‘सात नंबर’च आहे. पाटणबोरी मागे पडते, पूल येतो आणि पुलापलीकडे पाट्यांवरची अक्षरं गोल होतात. बाकी फार काही बदलत नाही. तीच काळी माती, तीच कपाशी, आणि टपरीवर मराठीत चहा मागितला की मराठीतच ‘साखर कमी का?’ असा उलट प्रश्न. 1956 साली भाषावार प्रांतरचनेत आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे भाग तेव्हाच्या मुंबई राज्यात आले, आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेलं आणि 2014 पासून ते तेलंगणात आहे. सरकारांनी रेघा ओढल्या. सोयरिकी होत्या तिथेच राहिल्या.

दिवाळी आटोपल्यावर आम्ही निघालो. एक शिक्षक, एक कृषी सेवा केंद्र चालवणारा, एक बँकेतला आणि मी. सगळे चाळिशीच्या अल्याड-पल्याड. शर्यती करणारा हौशी सायकलवाला ओळखायचा असेल तर त्याच्या पोटऱ्या बघू नका, कोपरं बघा. कुठल्याही डागावर बोट ठेवा, तो गावाचं नाव आणि किलोमीटरचा दगड सांगेल.

मुक्काम आदिलाबादला केला. कापसाचा हंगाम सुरू झाला होता, त्यामुळे यार्डाकडे जाणाऱ्या रस्त्यावर भरलेल्या गाड्या आणि हवेत तरंगणारी रुई. रात्री जेवताना ठरलं की सकाळी तलमडुगूपर्यंत जायचं, आणि नुसतं जायचं नाही, लावायची. गाव संपलं की सुरुवात, तलमडुगूचं पहिलं दुकान म्हणजे शेवट, आणि जो मागे राहील त्याने सगळ्यांचा नाश्ता द्यायचा. बक्षीस जितकं किरकोळ तितकी माणसं जास्त जीव टाकतात, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलं आहे.

आमच्या भागातल्या शर्यतींविषयी थोडं सांगितलं पाहिजे. त्या 26 जानेवारीला होतात, 1 मेला होतात, आणि एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाला तर हमखास होतात. साध्या सायकलींचा गट वेगळा, गिअरवाल्यांचा वेगळा. फलक मोठा, रुग्णवाहिका एक, आणि ती बहुधा व्यासपीठाजवळ उभी. अशा एका शर्यतीत पुढे चाललेल्या मोटरसायकलवाल्याने चौकात चुकीचं वळण घेतलं. आघाडीचे सगळे इमानाने त्याच्या मागे शेजारच्या गावात गेले आणि सगळ्यांत शेवटी रडतखडत येणारा पोरगा, ज्याला रस्ता माहीत होता, तो पहिला आला. दुसऱ्या एका ठिकाणी शेवटच्या रेषेवर फितीऐवजी नायलॉनची दोरी होती. दोन्ही टोकं धरलेल्या उत्साही कार्यकर्त्यांना ती सोडायची असते हे कुणी सांगितलं नव्हतं. जिंकणारा दोरीला लटकला आणि दुसरा त्याच्या बाजूने निघून गेला. माझ्या वाट्याला आला झेंडूचा हार. गावकऱ्यांनी प्रेमाने भिरकावला, तो मागच्या गिअरमध्ये गुंतला आणि चेन, दोरा व झेंडू यांचा असा काला झाला की चाकच फिरेना. या अपघातांची दाद मागायची कुठे? मोठ्या स्पर्धांत शेवटच्या तीन किलोमीटरांत घोळका पडला तर पडलेल्यांनाही घोळक्याचीच वेळ देतात, असा जुना नियम आहे. आमच्याकडे ‘पुढच्या वर्षी या’ एवढंच मिळतं.

तर तलमडुगू. आदिलाबाद सोडलं की वर्दळ विरळ होते. दोन्हीकडे बोंडं फुटलेली पऱ्हाटी, मधूनच तूर. कार्तिकातली सकाळ, बोटं गारठलेली. (हिवाळ्यात या जिल्ह्याचा पारा एक आकडी होतो, हातमोजे विसरू नका.) रस्ता चांगला दिसतो, पण तो काळ्या मातीवर बसलेला आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. वर कितीही डांबर ओता, खालची जमीन हलली की वरही लाटा उठतात आणि कडा तुटतात. गाडीत बसलेल्याला नुसता झोका जाणवतो. पंचवीस मिलिमीटरच्या टणक फुगवलेल्या टायरवर बसलेल्याला मात्र प्रत्येक लाट मणक्यात मोजता येते. आणि पावसाळ्यात सायकल घेऊन या मातीत उतरलात, तर ती टायर आणि चिमट्याच्या मध्ये अशी भरते की चाक जाम. मग सायकल तुम्हाला नेत नाही, तुम्ही तिला खांद्यावर नेता.

त्या दिवशी माती कोरडी होती. रस्त्याच्या कडेने सोयाबीन वाळत घातलं होतं आणि गाड्यांनी त्यावरून जाऊ नये म्हणून हद्दीला ओळीने दगड मांडले होते. शहरातले सायकलवाले याबद्दल फार चिडतात. मला ते पटत नाही. शेतकऱ्याला सिमेंटचं खळं नाही, रस्ता आयता तापलेला आहे, आणि गेले कित्येक महिने तो त्या दाण्यासाठीच राबला आहे. आमच्या नाश्त्याच्या पैजेपेक्षा ते सोयाबीन मोठं आहे. दगड मात्र टणक असतात.

बँकेतला पुढे होता, मी त्याच्या चाकामागे, माझ्यामागे शिक्षक. दुसऱ्याच्या आडोशाला राहिलं की वारा तो कापतो आणि मागच्याची सुमारे तीस टक्के ताकद वाचते, म्हणून सगळे एकमेकांना चिकटतात. समोर दगडांची ओळ आली, पुढचा झटकन उजवीकडे सरकला आणि त्याचं मागचं चाक माझ्या पुढच्या चाकाला बाजूने घासलं. अशा वेळी पुढच्याला फारसं काही होत नाही, मागचाच पडतो. हातावर काठी तोलताना काठी ज्या बाजूला कलते त्या बाजूला आपण हात नेतो, तसंच सायकलस्वार कळत नकळत हँडल थोडं थोडं वळवून चाकं स्वतःखाली आणत असतो. क्षणभर हँडल अडलं की तोल गेलाच. मी डाव्या अंगावर पडलो, सोयाबीनमध्ये घसरत गेलो आणि शिक्षक माझ्यावरून पलीकडे गेले.

पडल्यावरचा क्रम ठरलेला आहे. आधी सायकल बघायची. मग गळ्याखालचं हाड चाचपायचं, कारण खांद्यावर किंवा टेकवलेल्या हातावर आपटलं की तो धक्का तिथे जातो आणि सायकलवाल्यांचं तेच हाड सगळ्यांत जास्त मोडतं. माझं शाबूत होतं. कोपर आणि मांडी सोलली होती. शिक्षकांच्या पुढच्या टायरमधली हवा दगडाने काढून घेतली होती. आणि माझा मागचा गिअर ज्या छोट्या पट्टीवर टांगलेला असतो ती पट्टी आत वाकली होती. चाक फिरवलं की गिअर तारांना लागून खडखडत होता.

सोयाबीन गोळा करणाऱ्या बाई खराटा टाकून धावत आल्या. ‘पडले का जी? कोठून आले?’ आम्ही त्यांचं सोयाबीन चाकांखाली पसरवलं होतं, पण त्याबद्दल एक शब्द नाही. तेवढ्यात एक मोटरसायकल थांबली. ‘एमैंदि अन्ना?’ बाईंनी त्याला तेलुगूत काय ते सांगितलं आणि तो सरळ मराठीवर आला. ‘बसा भाऊ, दवाखान्यात सोडतो.’ सायकलचं काय, असं मी विचारलं. ‘तिलाही नेऊ ना.’ मी मागे बसलो, सायकल खांद्याला अडकवली, आणि शर्यतीच्या शेवटच्या रेषेवर, म्हणजे तलमडुगूच्या पहिल्या दुकानासमोर, दुसऱ्याच्या गाडीवरून पोहोचलो.

तलमडुगू मंडलाचं गाव आहे. तालुक्यापेक्षा छोट्या घटकाला इकडे मंडल म्हणतात. गावात तेलुगू, मराठी, गोंडी आणि दखनी अशा चारही भाषा अर्ध्या तासात कानावर पडल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टरनी जखम धुतली. खडी काढताना त्यांचा हात हलका होता, प्रश्न नव्हते.

‘इतक्या जोरात कुठं चालला होता?’

‘इथंच. तलमडुगूला.’

‘मग पोहोचले ना,’ म्हणाल्या आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं.

गॅरेज जवळच होतं. मालकाचा मुख्य धंदा मोटरसायकली, रिक्षा आणि फवारणीचे पंप. असा गिअर त्यांच्याकडे पहिल्यांदाच आला असावा, कारण ते बराच वेळ नुसते बघत राहिले. ती पट्टी मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमची करतात. पडल्यावर ती वाकावी आणि सायकलचा महागडा सांगाडा वाचावा, असा हिशेब असतो. पण ती एकदा सरळ करता येते, पुन्हा पुन्हा केली तर तुटते. हे मी समजावू लागलो. ते म्हणाले, ‘दिसते ना भाऊ.’ मग त्यांनी स्क्रू पाना लावला, दुकानातल्या पोराला हँडल घट्ट धरायला सांगितलं, मागे उकिडवे बसून एक डोळा मिटला आणि केसभर, परत केसभर असं करत ती पट्टी चाकाच्या रेषेत आणली. मोठ्या शहरात या कामाला खास मापाचं हत्यार वापरतात. इथे डोळा वापरला, आणि नंतर अकरापैकी नऊ गिअर व्यवस्थित पडले.

शिक्षकांची अडचण वेगळी होती. जादाची ट्यूब जवळ होती, पण तिचा वॉल्व्ह बारीक आणि दुकानातला हवेचा पाइप मोटरसायकलचा. आमच्या सायकलींची ट्यूब इकडे मिळत नाही आणि मिळावी तरी का? सुदैवाने त्यांच्या पिशवीच्या तळाशी पितळी अडॅप्टर निघालं. दहा रुपयांच्या त्या नगाने आमचा दिवस वाचवला.

हवा भरेपर्यंत मी मालकांना युजेन क्रिस्तोफची गोष्ट सांगितली. 1913 ची टूर द फ्रान्स. हा फ्रेंच गडी पिरेनीज पर्वतातल्या टूर्माले घाटात आघाडीच्या चढाओढीत होता आणि उतारावर त्याच्या सायकलचा चिमटा तुटला. नियम असा की दुरुस्ती स्वतः करायची, कुणाची मदत घ्यायची नाही. तो सायकल घेऊन दहा किलोमीटरांहून जास्त चालत खालच्या गावात गेला, लोहाराची भट्टी गाठली आणि स्वतः लोखंड तापवून, ठोकून चिमटा जोडला. स्पर्धेचे अधिकारी शेजारी उभे राहून बघत होते. कित्येक तास गेले. आणि एवढं करून त्याला दहा मिनिटांचा दंड झाला, कारण भट्टीचा भाता एका पोराने ओढला होता! पुढे तो दंड तीन मिनिटांवर आणला म्हणतात. 1919 मध्ये टूरची पिवळी जर्सी सुरू झाली, ती अंगावर घालणारा पहिला माणूस हाच. त्या वर्षीही जर्सी अंगात असतानाच त्याचा चिमटा तुटला. 1922 मध्ये पुन्हा तेच. टूर त्याला कधीच जिंकता आली नाही.

मालकांनी सगळं शांतपणे ऐकलं. हँडल धरून उभ्या असलेल्या पोराकडे बघितलं आणि म्हणाले, ‘दोन्ही हात लोखंडाला लागलेले. मंग भाता कोण ओढीन?’

शंभराहून जास्त वर्षांत त्या दंडावर बरंच लिहिलं गेलं आहे, पण याहून नेमका आक्षेप मी वाचलेला नाही.

आज व्यावसायिक शर्यतींत चित्र उलट आहे. टायर बसला की गाडी येते, मेकॅनिक उतरतो, चाक बदलतो, स्वाराच्या पाठीला धक्का देतो. लांब पल्ल्याच्या शर्यतींतही मागे माणसं असतात. अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ सुमारे 4,800 किलोमीटरची. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये दोघांच्या गटात ती पूर्ण केली. 2017 मध्ये नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत संपवली. ‘एकट्याने’ म्हणजे पायडल एकट्याने मारलं. मागून गाडी चालते, तिच्यात सुटे भाग, जेवण, औषधं आणि रस्ता सांगणारा माणूस असतो. यात त्यांचं कर्तृत्व जराही कमी होत नाही, पण पडल्यावर हाक कुणाला मारायची हे तिथे आधी ठरलेलं असतं.

हौशी माणसाचं तसं नाही. त्याची गाडी म्हणजे तो ज्या गावाजवळ पडेल ते गाव. खराटा टाकून आलेल्या बाई, सायकलसकट उचलून नेणारा मोटरसायकलवाला, सिस्टर, पाना आणि एक मिटलेला डोळा. यातलं कुणीच आम्हाला ओळखत नव्हतं. गॅरेजवाल्यांनी पैसे विचारले तेव्हा इतके कमी सांगितले की आम्ही वाद घातला, आणि वादात हरलो.

परतताना एका वळणावर दंडारीचा मेळा भेटला. गोंड पाड्यांत दिवाळीच्या दिवसांत ही पथकं गावोगाव नाचत जातात. पुढे मोरपिसांचे भलेमोठे टोप घातलेले गुसाडी, मागे ढोल. आम्ही उतरून कडेला उभे राहिलो. एका गुसाडीने माझ्या पट्टी बांधलेल्या कोपराकडे आणि नंतर सायकलकडे बघितलं आणि टोप हलवून हसला.

नाश्त्याचा निकाल अजून लागलेला नाही. कृषी केंद्रवाला सुरुवातीलाच इतका मागे पडला होता की अपघातातून वाचला. आम्ही दवाखान्यात असताना तो सावकाश सायकल मारत तलमडुगूला पोहोचला, आणि स्वतःच्या चाकांवर आलेला पहिला मीच, असा त्याचा दावा आहे. बँकेतल्याला तो मान्य नाही.

जाता जाता शर्यती भरवणाऱ्या मंडळांना एक विनंती. मार्गावरच्या प्रत्येक गावातल्या पंक्चरवाल्याला आधी भेटा, त्याचं नाव आणि नंबर स्पर्धकांच्या कागदावर छापा आणि त्या दिवसाची मजुरी त्याला आगाऊ द्या. फलक दोन फूट लहान केलात तरी तेवढे पैसे निघतील.