राधिकेच्या मसाल्याचा हिशेब

संध्याकाळचे जेवण आमच्या घरी दिवेलागणीपूर्वी आटोपते. पुरुष मंडळी पुन्हा दुकानात जाऊन वसुलीच्या वह्या उघडतात आणि आम्हा तिघींना, म्हणजे सासूबाई, मी आणि सून यांना, दीड-दोन तास मोकळे मिळतात. हा वेळ गेली अनेक वर्षे मराठी मालिकांना दिला, हे सांगताना पूर्वी मला संकोच वाटे. आता वाटत नाही. कारण घरातील एका अवघड प्रश्नाचा निकाल या मालिकांसमोर बसूनच लागला.

आमच्या तिघींची मते क्वचितच जुळतात. ‘आई कुठे काय करते’मधील अरुंधती सुनेला फार आवडे. मला मात्र तिची सासू कांचन अधिक खरी वाटली. सुनेचे कष्ट तिने रोज डोळ्यांनी पाहिलेले असतात, मुलाचा दोषही तिला दिसतो, तरी वेळ आली की मन मुलाकडेच झुकते. अशा सासवा मी नात्यात पाहिल्या आहेत. त्या दुष्ट नसतात. संजनेचे काय करावे हे मात्र लेखकांना कधी ठरवता आले नाही, असे माझे मत आहे. ती एका आठवड्यात कारस्थानी तर पुढच्या आठवड्यात दीनवाणी. ही कथा मुळात बंगाली ‘श्रीमोयी’ची. तीच हिंदीत ‘अनुपमा’ झाली आणि कुटुंब गुजराती शहांचे झाले. सासूबाईंनी दोन्ही मालिका पाहिल्या. आडनाव ओळखीचे असले तरी ते घर त्यांना आपले वाटले नाही. ‘इतकी माणसे भांडतात, पण पैशावरून कोणी नीट भांडत नाही,’ असा त्यांचा शेरा होता.

व्यापाऱ्याच्या घरातील प्रेक्षकाची हीच अडचण आहे. 2013 साली सुरू झालेल्या ‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये श्रीच्या घरचा गोखले गृहउद्योग होता. जान्हवीच्या सहा सासवांचे लाडकोड आम्ही हौसेने पाहिले. पण त्या उद्योगात माल कोण बांधतो आणि परत आलेला माल कुठे ठेवतात, हे समजून घेण्याची आमची इच्छा अपुरीच राहिली. आईआजींचा धाक तेवढा अस्सल होता. रोहिणी हट्टंगडी नुसत्या पाहत, आणि समोरचा माणूस आपला हिशेब मनात पुन्हा तपासू लागे.

‘माझ्या नवऱ्याची बायको’ 2016 मध्ये सुरू झाली. गावोगावच्या बायका शनायाला शिव्या देत होत्या, त्या काळात सासूबाईंना गुरुनाथ आणि शनाया या दोघांतही रस नव्हता. ‘नवरा गेला तर गेला, धंद्याचे दाखवा,’ असे त्या दूरचित्रवाणीला उद्देशून म्हणत. नागपूरकडची साधी राधिका मसाले करू लागली तेव्हा त्या सरसावून बसल्या. पुढे मात्र चिडल्या. राधिकेचा उद्योग बघता बघता तीनशे कोटींवर गेला. मिरची हंगामात भरून ठेवावी लागते, त्यात भांडवल अडकते, धणे जुने झाले की वास उतरतो आणि किरकोळ दुकानदार दीड-दीड महिना पैसे देत नाही. यातले काहीच पडद्यावर आले नाही. ‘हिची उधारी कोण वसूल करतो?’ हा त्यांचा प्रश्न लेखकांपर्यंत पोहोचला असता तर मालिका अधिक चांगली झाली असती, असे मला अजूनही वाटते.

2018 च्या उन्हाळ्यात एका रात्री, जाहिराती चालू असताना, सुनेने हळूच विषय काढला. कांदा-लसूण नसलेला काळा मसाला करून विकावा, असे तिच्या मनात होते. मी ताबडतोब म्हणाले, ‘आपल्या घरात काय कमी आहे?’ वाक्य तोंडातून गेले आणि ते कुठे ऐकले आहे हेही आठवले. पण माघार घ्यायला मन होईना. दारोदार पुड्या विकणारी सून म्हणून बाजारपेठेत बोलले जाईल, ही भीती माझी स्वतःचीच होती.

सासूबाईंनी आवाज बंद केला. मग 1972 च्या दुष्काळाची हकिकत सांगितली, जी मी लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत ऐकली नव्हती. दुकानात आवक नव्हती, गिऱ्हाईक नव्हते. त्यांनी दोन जावांना घेऊन पापड लाटले आणि सोलापूरच्या तीन दुकानांत नेमाने पोहोचवले. दुकान तगले. पैसे सासऱ्यांच्या हाती जात आणि वहीत नोंद होई, ‘घरातून जमा’. त्या नोंदीत नाव नव्हते. पाऊस झाल्यावर पापड बंद झाले, ते का, हे कोणी त्यांना विचारले नाही. ‘मला राग नाही,’ त्या म्हणाल्या, ‘पण ते पान मी पुढे पुष्कळदा उघडून पाहिले.’

दूरचित्रवाणीवर राधिका मूकपणे बोलत होती. आम्ही तिघी गप्प होतो.

दुसऱ्या दिवशी ह्यांच्याशी बोलणे मीच केले. सासूबाईंच्या अटी दोन होत्या: बँकेचे खाते सुनेच्याच नावावर, आणि पहिल्या वर्षी कोणालाही उधार नाही. पहिली अट पाळली गेली. दुसरी तीन महिन्यांत मोडली, कारण रोखीने घेणारा दुकानदार मिळाला तर शपथ. अन्न परवान्यासाठी कागद गोळा करताना सून दोनदा रडली. पहिल्या खेपेचा मसाला जास्त भाजला गेला. तो आम्ही वर्षभर घरी खाल्ला.

आता महिन्याला चाळीस किलोच्या आसपास माल जातो; तीनशे कोटींना अवकाश आहे. मालिका बदलल्या, आमची भांडणे तीच राहिली. सासूबाईंना हल्ली ऐकू कमी येते, तरी जाहिराती लागल्या की त्या सुनेला विचारतात, ‘सोलापूरच्या त्या दुकानदाराचे आले का?’ गेल्या सोमवारपर्यंत आले नव्हते.