जुन्या कानशीची पटाशी

आमचा वर्धा जिल्हा कापसाचा मुलूख. हिंगणघाट व पुलगांव येथें कापडाच्या गिरण्या निघाल्या, रस्त्यांवर मोटारी आल्या, आणि त्यांच्यामागून मोडक्या लोखंडाचे ढीगही आले. या ढिगांत उत्तम पोलाद दडलेलें असतें हें घिसाडी कारागिरांनीं केव्हांच ओळखलें. मोटारीच्या कमानीच्या पाट्यापासून ते विळे व कोयते घडवितात.

बाबांच्या सुतारकामावर आमचें घर चालत असे. पटाशी एकच, तीही झिजलेली; नवी घेण्यास पैसा नव्हता. तेव्हां भंगारांतील एका जुन्या कानशीची पटाशी करावी असें आम्हीं दोघां भावांनीं ठरविलें.

कानशीच्या पोलादांत कार्बन शेंकडा सुमारें एक भाग असतो. त्यामुळें ती कांचेसारखी कठीण, पण कांचेसारखीच ठिसूळही असते. शेजारच्या एका मुलानें कानशीला तशीच धार लावून वर हातोडा मारला. टवका उडाला तो त्याच्या डोळ्याखालीं शिरला. बोटभर वर लागता तर डोळा गेला असता. म्हणून आधीं कानशीचा कठीणपणा काढावा, मग तिला कामापुरता द्यावा, ही रीत आम्हांस एका वृद्ध घिसाडी आजोबांनीं शिकविली.

कानस भट्टींत लाल करून रात्रभर राखेंत पुरून ठेविली. सकाळीं ती मऊ झाली होती. तिचे दांते पार घासून काढले, कारण दांत्याच्या मुळाशींच तडा सुरू होतो. आकार दिल्यावर लोहचुंबक चिकटेनासें होईपर्यंत, म्हणजे सुमारें ७७० अंश सेल्सिअसच्या थोडें वर, ती पुन्हां तापविली आणि गोड्या तेलांत सरळ बुडविली. आतां ती पूर्वीइतकीच ठिसूळ! मग घासून लख्ख केली व शेपटाकडून हळूहळू तापविली. पोलादावर रंग सरकूं लागले: २३० अंशांच्या सुमारास गव्हाच्या काडीचा पिंवळा, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० अंशांस निळा. लाकडाच्या पटाशीस पिंवळा पुरे. लोखंड तोडण्याच्या छिन्नीस जांभळा हवा. धारेवर पिंवळा येतांच आजोबा म्हणाले, “बस्स, बुडवा!”

विद्यार्थी मित्रांनो, डोळ्यांवर चष्मा घातल्यावांचून हें काम करूं नका. आणि जस्ताचा मुलामा दिलेलें लोखंड भट्टींत कधींही घालूं नका, त्याचा धूर घातक असतो.

आमच्या याच वर्ध्यास ऑक्टोबर १९३७ मध्यें भरलेल्या शिक्षण परिषदेनें हातांचें उत्पादक काम शिक्षणाच्या केंद्रस्थानीं असावें असा ठराव केला होता. त्याचा अर्थ आम्हांस त्या भट्टीपाशीं कळला: रंग ओळखण्यास डोळा लागतो, आणि वेळेवर थांबण्यास मन.

बाबांनीं त्या पटाशीनें सागाच्या चौकटीस खांचा काढल्या. संध्याकाळीं त्यांनीं धारेवरून अंगठा फिरविला, आणि कांहीं न बोलतां ती आपल्या हत्यारांच्या पेटींत ठेविली.