मिठाच्या वाटेवरचे ग्रंथ

टिंबक्टू हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ‘जगाच्या पार टोकाला’ एवढ्याच अर्थाने ऐकलेले असते. वस्तुतः पश्चिम आफ्रिकेतील माली देशातले हे गाव शतकानुशतके टोक नव्हते, नाका होते. सहारा वाळवंटाची कड आणि नायजर नदीचे वळण येथे जवळ येतात. उत्तरेकडून उंटांवर मिठाच्या लाद्या येत, तर दक्षिणेकडून सोने, धान्य आणि दुर्दैवाने गुलामही. इ. स. ११०० च्या सुमारास तुआरेग पशुपालकांच्या तळातून वसलेले हे गाव या देवघेवीवर वाढले. मक्केची यात्रा करून परतलेल्या मन्सा मूसा या सम्राटाने १३२७ मध्ये येथे मातीची भव्य जिंगेरेबेर मशीद उभारली. सांकोरे मशिदीभोवती अध्यापनाची परंपरा रुजली. सोळाव्या शतकातील प्रवासी लिओ आफ्रिकानस लिहितो की, येथे इतर कोणत्याही मालापेक्षा ग्रंथांच्या विक्रीत अधिक नफा होई.

दप्तराच्या नोकरीत आयुष्य गेल्यामुळे मला या गावाच्या वैभवापेक्षा त्याचे कागद कसे टिकले, याचेच कुतूहल अधिक. कारण राज्यसत्तेने ते राखले नाहीत. १५९१ मध्ये मोरोक्कोच्या फौजेने हा प्रदेश जिंकला. पुढे अहमद बाबा या विद्वानास बंदी करून माराकेशला नेण्यात आले. आपले सोळाशे ग्रंथ गेले आणि आप्तांमध्ये आपलाच संग्रह सर्वांत लहान होता, असे त्याने सांगितले. समुद्रमार्गांमुळे वाळवंटी व्यापार ओसरत गेला. १८२८ मध्ये रेने काईये या फ्रेंच प्रवाशाला सोन्याची नगरी नव्हे, मातीची घरेच दिसली. त्या घरांतील पेट्यांत मात्र हस्तलिखिते पिढ्यान्‌पिढ्या जपली जात होती.

२०१२ मध्ये सशस्त्र धर्मांध गटांनी गाव ताब्यात घेऊन संतांच्या समाध्या फोडल्या. तेव्हा अब्देल कादेर हैदारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखो हस्तलिखिते पत्र्याच्या ट्रंकांत भरून, गाढवगाड्या, मोटारी आणि होड्यांतून गुपचूप राजधानी बामाकोकडे पोहोचविली. जानेवारी २०१३ मध्ये पळ काढताना त्या गटांनी सुमारे चार हजार हस्तलिखिते जाळली वा लुटली, बहुतांश वाचली. पुढे स्थानिक गवंड्यांनी समाध्याही पुन्हा बांधल्या.

सम्राट गेले, सोन्याचा व्यापार गेला. टिंबक्टूचे ज्ञान वाचले, ते घरोघरच्या पेट्यांना वारस होते म्हणून.